मिलकडचा वारा

शनिवार, २७ एप्रिल. मुलाकडचा दुसरा दिवस. लिफ्ट चालू आहे. पाणी दिवसभर असतं. भावजींचा खोकला सकाळी कमी होता. दुपारी बागेत जाऊन आलो. धाकटी काल रात्री झोपली नाही. म्हणते, इथल्या हवेला वासच नाही.

माईंनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं. त्यांची रोजनिशी अशीच असायची. मिशनच्या शाळेत असताना सिस्टरांनी लावलेली सवय होती ती: दिवसात जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. पुढे लग्न झालं, नवरा गेला, मिलच्या शाळेतली नोकरी संपली, पण संध्याकाळची वही काही सुटली नाही.

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ, दिराची बायको. सगळी कॉलनी तिला धाकटीच म्हणायची. पंचावन्नची झाली तरी धाकटी ती धाकटीच. नवऱ्यामागे माई दिराच्या घरी राहायला आल्या, तेव्हा ओट्यावरचा मसाल्याचा डबा पुढे सरकवून ती म्हणाली होती, "ताई, तिखट तुमच्या हाताने घाला. मी घातलं की हे दोन तांबे पाणी पितात." तेवढ्यावर घर दोघींचं झालं. नंतर त्या विषयावर कधी बोलावं लागलं नाही.

त्यांचं गाव म्हणजे एक पेपर मिल आणि तिच्याभोवतीची क्वार्टर्स. लाकडाचा लगदा शिजताना वास सुटायचा, कुजलेला कोबी आणि नासकी अंडी एकत्र केल्यासारखा. नवा माणूस आला की आठवडाभर नाकाला रुमाल लावून फिरायचा. मग एक दिवस रुमाल खिशात जायचा तो पुन्हा बाहेर यायचा नाही. "नाक मेलं, आता तू आमचा," असं म्हणून लोक त्याला चहा पाजायचे. वाऱ्याचा रोख क्वार्टर्सकडे असला की जुन्यांनाही थोडं कळायचं. "आज वारा मिलकडचा आहे," असं कुणीतरी म्हणायचं, जसं बाकीची माणसं आज ऊन आहे म्हणतात. रात्री सगळी गल्ली खिडक्या लावूनच झोपायची.

भावजींची उभी हयात त्या लगद्याच्या टाक्यांवर गेली. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि छातीचा पार भाता झाला होता. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायचे आणि कुणी बघितलंच तर बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. डॉक्टर म्हणाले होते, "औषधं देतो, पण खरं औषध म्हणजे इथली हवा सोडा."

म्हणून त्यांच्या मुलाने बोलावलं. तो कॉलेजला गेला त्या वर्षी वसतिगृहातल्या पोरांनी त्याचे कपडे हुंगून त्याचं नाव कोबी ठेवलं होतं. तेव्हापासून तो गावी आला तरी एका दिवसापेक्षा जास्त टिकत नसे. पण आईबापांना विसरणाऱ्यांतला तो नव्हता. "तिघंही या," तो फोनवर म्हणाला. "आधी सुट्टी म्हणून या, राहून बघा. जमलं तर सामान आणू."

नाव सुट्टीचं होतं, पण ही परीक्षा आहे हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि परीक्षा धाकटीची होती. भावजी नळाला पाणी आणि हाताला पेपर मिळाला की कुठेही सुखी. माई कुठेही निमूट राहणाऱ्या. पण धाकटी मिलच्या भिंतीबाहेर कधी राहिलीच नव्हती, आणि ती जिथे नाही तिथे भावजी राहणार नाहीत, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी तिघं गॅलरीत बसायची आणि भावजी दोन्ही गावांना मार्क द्यायचे.

"पाणी?"

"शहराला," माई म्हणायच्या.

"भाजी?"

"आपल्याकडची," धाकटी म्हणायची. "इथली नुसती दिसायला. धुता धुता चवही धुऊन टाकलीय मेल्यांनी."

"शेजार?"

"कुठला शेजार? समोरचं दार उघडं बघितलं नाही मी अजून. आत माणसं राहतात की सामान, कोण जाणे."

"झोप?"

यावर धाकटी विषय बदलायची. मग एकदा म्हणाली, "अहो, रात्री जाग येते आणि नाकात काही येतच नाही. एकदम धस्स होतं. वाटतं, मिल बंद पडली. आता सगळे दारादारांत उभे असतील."

"बंद पडली तर पडली. मी रिटायर होतोय."

"तुमचं काय जातंय बोलायला." तिने त्यांच्या छातीकडे बघितलं. "खोकल्याचे मार्क कुणाला?"

भावजींनी खोल श्वास घेऊन दाखवला. तो मध्ये कुठे अडला नाही. "शहराला," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी."

"झालं तर मग. मी झोपायला शिकेन."

आणि ती खरंच मन लावून शिकायला लागली. लिफ्टमध्ये एक बाई त्यांच्यासोबत चढली, तिने हळूच पर्समधून रुमाल काढला आणि नाकापाशी धरला. भावजी मजल्यांचे आकडे बघत होते. धाकटीने मात्र बघितलं. घरी येऊन तिने तिघांचेही कपडे बॅगेतून काढले, धुतले, वाळवले आणि दुसऱ्या दिवशी तेच वाळलेले कपडे पुन्हा धुतले. "ताई, बघा हो," म्हणून ती एकेक कपडा माईंच्या नाकाशी आणायची. "येतो का?" माईंना काही कळायचं नाही. "तुम्हाला काय विचारतेय मी," ती हसून म्हणायची, "तुमचंही नाक माझ्याच गावचं."

त्याच दिवसांत कधीतरी ब्रशाची गंमत झाली. धाकटीने गावाहून एक जुना दाढीचा ब्रश आणला होता. सूनबाईला तो ओट्यावर सापडला.

"आई, बाबांचा ब्रश इथे कसा?"

"बाबांचा नाही, माझा."

सूनबाईने सासूच्या हनुवटीकडे बघितलं, आणि मग तिला हसू आवरेना. माईही हसल्या. धाकटीने तोंड वाकडं करत वाटीत साबणाचा फेस केला आणि सिलिंडरजवळ बसून दाखवलं: रेग्युलेटरच्या भोवती आणि नळीच्या टोकाला फेस लावायचा, फुगे उठले की समजायचं गॅस गळतोय. मिलच्या सेफ्टीवाल्यांनी हे घरोघर शिकवलं होतं. सिलिंडर बदलला की तिकडे कुणी ब्रश फिरवल्याशिवाय काडी ओढत नसे.

"पण गळला तर वास येतो ना, आई! वास यावा म्हणून तर मुद्दाम घालतात त्यात."

"आमच्याकडे वासावर कोण विश्वास ठेवणार? सगळं गावच गळतंय."

सूनबाई हसून हसून ओट्याला टेकली. "आता मी मैत्रिणींना सांगणार, माझ्या सासूबाई गॅसची दाढी करतात!"

मनात काही ठेवणारी मुलगी नव्हती ती. धाकटीही हसली. पण मुलगा दारात उभा होता, तो हसला नाही. "आई, तो ब्रश आत ठेव बरं," तो म्हणाला. "कुणी आलं-गेलं तर बाहेर दिसायला नको." ब्रश बॅगेच्या तळाशी गेला. धाकटीने वरून कपडे घातले आणि चेन ओढली.

पुढच्या शनिवारी मुलगा आणि सूनबाई तिच्या माहेरी गेली, रविवारी संध्याकाळी परत येणार होती. घरात तिघंच. रात्रीचा स्वयंपाक अर्ध्यावर असताना गॅस संपला. भरलेला सिलिंडर ओट्याखाली होता. भावजींनी तो ओढला, रेग्युलेटर बसवला आणि हात पुढे केला.

"ब्रश दे गं."

"राहू द्या."

"राहू द्या काय? आण इकडे."

"इथे कुणी करत नाही. गळला तर वास येईल."

"आपल्याला?"

"आपली नाकं धुऊन निघाली की आता. एवढी कपड्यांची धुलाई झाली, नाकांची झाली नसेल?"

भावजींनी माईंकडे बघितलं. माई ताटं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "करून टाक ना, धाकटे. दोन मिनिटांचं काम."

"ताई, तुम्हीसुद्धा?" तिचा आवाज चढला नाही, पण बदलला. "मला इथे राहायचंय ना? ह्यांच्यासाठी राहायचंय. मग राहू द्या की मला इथल्यासारखं."

भावजींनी गॅस पेटवला. निळी ज्योत नीट लागली, भात झाला, तिघं जेवली. झोपण्याआधी धाकटी घरभर फिरून खिडक्या लावत सुटली. "आज खिडक्या लावल्या म्हणून रागवायला कुणी नाही," ती म्हणाली. "आज मी माझ्या गावच्यासारखी झोपणार." ओटा पुसून तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

सकाळी माईंना जाग आली तेव्हा भावजी दूध आणायला खाली निघाले होते. चपला पायात सरकवता सरकवता ते आपल्याशीच म्हणाले, "आज वारा मिलकडचा आहे," आणि स्वतःच हसले. बाहेरचं दार लागलं. माई पडून राहिल्या. त्यांनाही वास येत होता, पुसट, ओळखीचा. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, आपण क्वार्टरमध्ये आहोत आणि आता शाळेची घंटा होईल.

धाकटी केसांना गाठ मारत आत आली. चेहरा कधी नव्हे तो ताजा.

"ताई, वास आला?"

"आला."

"आपल्याकडचाच."

"वेडी का खुळी तू? रात्रभराचा प्रवास आहे, एवढ्या लांबून कसा येईल?"

"मग इथेही असेल एखादी मिल. असेना का!" ती खाटेच्या कडेवर टेकली. "रात्रभर झोपले मी, ताई. एकदाही जाग नाही. हा वास असा अधूनमधून आला ना, तर जमेल मला इथे."

"जमेल गं."

"चहा टाकते," असं म्हणून ती उठली.

स्वयंपाकघराचं दार उघडल्याचा आवाज माईंनी ऐकला. मग लायटरची टिकटिक. आणि मग स्वयंपाकघरातली हवाच पेटली. माईंच्या खोलीचं दार बिजागरीतून सुटून आत पडलं, काचा फुटल्या, आणि त्यानंतर आलेला आवाज माणसाचा आहे हे समजायलाच त्यांना वेळ लागला. भावजी लिफ्टमधून बाहेर पडत होते. दुधाची पिशवी त्यांच्या हातात तशीच राहिली. समोरचं दार त्या दिवशी उघडलं. त्या घरातल्या माणसाने ओली चादर आणली.

भाजलेल्यांच्या वॉर्डात एका वेळी एकालाच आत सोडायचे, अंगावर हिरवा झगा चढवून. धाकटीच्या वरून पांढऱ्या कापडाचा मांडव घातला होता. चेहऱ्याची एक बाजू शाबूत होती. दोन दिवस ती शुद्धीत होती, आणि शुद्धीत होती हेच वाईट होतं. भावजी आत गेले की ती डोळे मिटून घ्यायची, म्हणजे त्यांना रडता यावं. माई गेल्या की उघडायची.

"ताई."

"बोलू नकोस."

"ब्रशाचं सूनबाईला सांगू नका."

"बरं."

"त्यालाही नको. पोरं जन्मभर मनाला लावून घेतील. आणि ह्यांना त्याच घरात राहायचंय." तिने श्वास जमवला. "वास आला होता तेही नको. माणसं म्हणतील, वास येऊन गॅस पेटवला. वेडी होती."

"नाही सांगणार."

"शपथ घ्या."

माईंनी आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती. सिस्टर म्हणायच्या, खरं बोलणाऱ्याला शपथ लागत नाही. त्या दिवशी त्यांनी घेतली. तिसऱ्या दिवशी धाकटी गेली.

मुलाने स्वयंपाकघराला रंग लावून घेतला. गॅस एजन्सीचा माणूस येऊन बघून गेला. रेग्युलेटरखालचा रबरी वायसर चिरलेला होता म्हणाला. भावजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे आणि कुणी काही विचारलं की मान हलवायचे. विचारलेलं त्यांना कळत होतं की नाही, सांगता येत नसे. श्वास मात्र मोकळा चालला होता. त्या घरात खोकल्याचा आवाज नव्हता आणि ती शांतताही माईंना सोसत नव्हती.

एका दुपारी सूनबाई माईंच्या खोलीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. हातात इस्त्रीचे कपडे होते, ते खाली ठेवायचं तिच्या लक्षात नव्हतं.

"काकू, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"आई सिलिंडर बदलला की साबण लावायच्या ना? त्या दिवशी लावला होता का?"

माईंनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हा प्रश्न तिने बरेच दिवस घोळवला असणार.

"लावला होता," माई म्हणाल्या.

"तुम्ही बघितला?"

"माझ्यासमोर लावला. फुगे आले नाहीत. वायसर नंतर सुटला असेल रात्रीतून."

"आणि वास? सकाळी वास नाही आला कुणाला?"

"आम्हाला कुठला वास येतोय, पोरी? तुला माहीतच आहे."

सूनबाई मटकन खाली बसली आणि कपड्यांत तोंड खुपसून रडली. "मला वाटलं, मी त्या दिवशी हसले म्हणून... म्हणून त्यांनी..."

"हसण्यासारखीच गोष्ट होती," माई म्हणाल्या. "तीही हसली होती."

भावजी दारापाशी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवून ते पुन्हा खुर्चीकडे गेले. त्यानंतर सूनबाई माईंच्या पाठीमागेच असायची. चहाला बसली की म्हणायची, "काकू, सांगा ना, त्या रात्री आई काय बोलत होत्या?" आणि माई सांगायच्या. रोज थोडं जुळवून घ्यावं लागायचं. एकदा साबण लावला तर वाटी कुठली होती, ब्रश बॅगेतून कुणी काढला, परत कुणी ठेवला. एकदा सूनबाई म्हणाली, "पण ब्रश तर बॅगेत तळाशीच होता, कोरडा." "मीच पुसून ठेवला," त्या म्हणाल्या. तिने विश्वास ठेवला. विश्वास ठेवायचाच होता तिला.

क्वार्टर रिकामी करायला भावजी आणि माई गावी निघाले. रात्रीच्या बसमध्ये भावजी पहिल्यांदा आपणहून बोलले.

"वहिनी, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं."

"मीही नाही."

पहाटे बस घाटाखाली उतरली आणि वास आला. आधी पुसट, मग दाट. माईंना वाटलं, मिलमध्ये काहीतरी फुटलं असावं. पण बसमधले गावचे लोक शांतपणे पिशव्या आवरत होते. स्टँडवर उतरेपर्यंत भावजींचा चेहरा पांढरा पडला होता. ते भिंतीला धरून ओकले.

"रोज एवढाच होता का हो हा?" ते म्हणाले. "रोज?"

"एवढाच असेल."

"त्या सकाळी होता तोच हा. तोच, वहिनी." रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला.

मिलच्या फाटकावर पहारेकरी होता. गेल्या महिनाभर तो आजारी, नुकताच कामावर आलेला. त्याच्या कानावर काही गेलं नव्हतं. त्याने लांबूनच हात केला. "आलात का? रुमालबिमाल! शहरवाले झालात की एकदम. काय मग, तिकडचं बरं की आपलं?"

भावजींनी रुमालाआडून काहीतरी म्हटलं. पहारेकऱ्याला ऐकू आलं नाही. "काय?" त्याने पुन्हा विचारलं.

"तिकडचं," माई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

भावजी क्वार्टरच्या आत आलेच नाहीत. पायरीवर बसले, तिथेच खोकला सुरू झाला. शेजारपाजारच्या बायका आल्या, रडल्या, पाणी दिलं, हळूहळू गेल्या. माई आत सामान काढत होत्या. धाकटीच्या साबणाच्या वड्या, सुयादोरा, पाठीवर रफू केलेलं स्वेटर. उशीचा अभ्रा त्यांनी नाकाशी नेला. मिलचाच वास. तिचा वेगळा असा काही नव्हता.

"वहिनी," बाहेरून भावजी म्हणाले, "उद्याच निघू. रजा टाकतो, रिटायरमेंटपर्यंत. इथे एक रात्रही नको."

माई दारात आल्या. "तुम्ही निघा. मी नाही येणार."

"म्हणजे?"

"शाळेमागे एक खोली आहे, मुख्याध्यापिका देतील मला. त्यांना विचारून ठेवलंय फोनवर."

"तिथे मुलाकडे खोली आहे तुम्हाला. ती पोरगी वाट बघतेय तुमची. या हवेत मरायचंय का?"

"ती रोज विचारते, भावजी. रोज चहाच्या वेळेला. एक दिवस मी चुकेन, आणि मग ते घर तुमचं राहणार नाही." माई खाली त्यांच्याशेजारी बसल्या. "तुम्हाला ती विचारत नाही. तुम्ही गप्प बसू शकता. मला ते जमत नाही."

भावजींनी रुमाल खाली घेतला, पुन्हा वर नेला. "ती असती तर तुम्हाला ओढून नेलं असतं," ते म्हणाले.

"ती असती तर आले असते."

भावजींनी बुटाची नाडी पुन्हा बांधली. शेवटी म्हणाले, "मुलाला काय सांगू?"

"सांगा, काकूला शहर मानवलं नाही."

भावजींनी ती रात्र स्टँडजवळच्या लॉजवर काढायचं ठरवलं. ते गेल्यावर माईंनी सामानाची दोन ढिगांत विभागणी केली, मग खुर्ची खिडकीशी ओढून वही उघडली. तारीख घातली. मग त्यांनी लिहिलं:

भांडी वाटली. मोठा कुकर भावजींच्या पोत्यात, लहान माझ्याकडे. लहानाची शिट्टी सापडत नाही.